मेढ्याच्या कोंडिबाचं रक्त

डॉक्टर, तुम्ही मला फसवलंत. पाच महिने, दर शनिवारी दुपारी, एकाच टेबलाशी बसून फसवलंत. सांगलीच्या हळदपेठेत मला आजवर कुणाला फसवता आलं नाही, आणि ज्यांनी करून पाहिलं त्यांनी पेठेत पुन्हा तोंड दाखवलं नाही. तुम्हाला ते जमलं. तोंड दाखवायला आता तुम्हीही नाही.

तुमच्या नर्सिंगच्या वर्गातल्या बाया तुमच्या आठवणींची एक लहान पुस्तिका छापणार आहेत. त्यांच्यातली गंगूबाई पेढीवर येऊन म्हणाली, "बिरुशेट, तुमीबी दोन शब्द लिवा. पर चांगलं लिवा, भांडू नका." चांगलं म्हणजे काय ते मला कळतं. जन्म साताऱ्याचा, शिक्षण मुंबईचं, माणूस देवासारखा. ते बाकीचे लिहितील. मला तुम्हाला एक गोष्ट विचारायची आहे, तेवढीच मी लिहिणार.

आपली ओळखच माझ्या ओरडण्यानं झाली. पोतं शिवताना दाभण तळहातात घुसलं होतं, हात कोपरापर्यंत सुजला होता, आणि तुमच्या दवाखान्यातल्या बाकावर तासभर बसून माझं डोकं फिरलं होतं.

"आवं, मानूस मरंल की हितं बाकावर!"

तुम्ही समोरच्या पोराच्या घशात बघत होतात. मान वर न करता म्हणालात, "एवढ्या मोठ्यानं ओरडणारा माणूस तासाभरात मरत नाही. बसा."

मग हात कापलात, पू काढलात, आणि त्यातला थेंबभर काचेच्या पट्टीवर पसरून, रंग लावून, त्या पितळी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलात. "या. ज्यांच्या जिवावर ओरडत होता ते बघा." मी डोळा लावला. गोल गोल पडलेले शेकडो जीव. तुम्ही म्हणालात, "या पांढऱ्या पेशी. जंतूंशी लढून मेल्या." मी विचारलं, "कुनाच्या?" तुम्ही म्हणालात, "तुमच्याच. तुम्ही बाकावर शिव्या देत होता तेव्हा या आत मरत होत्या." मागचा रोगी ओरडायला लागेपर्यंत मी डोळा काढला नाही. माझ्यासाठी आजवर कुणी मेलं नव्हतं, डॉक्टर. आमचं घराणं मेंढरामागं फिरणारं. पूर्वेकडच्या कोरड्या मुलखातून मी एकटा सांगलीत आलो तो पोती शिवायला. अक्षरं शिकलो ती पोत्यांवरच्या छापांवरून. पोत्यांपासून पेढीपर्यंत जे मिळवलं ते भांडून मिळवलं. आणि हे माझे हजारो जण न सांगता कामाला लागले होते.

तुम्ही तेव्हा वर्गातल्या बायांसाठी पुस्तक करत होतात. पेशी म्हणजे काय, तिच्यात कोणकोणते भाग, रक्तात कोणत्या पेशी, त्या बिघडतात कशा, हे सगळं मराठीत. शब्द मात्र असे काढले होतेत की पोथी सोडून बायांनी दुसरीकडे कुठं ते ऐकले नसतील. पेशीच्या भोवतीच्या सालीला तुम्ही 'आवरणपटल' म्हणत होतात. गंगूबाई वर्गात उभी राहून म्हणाली होती, "डॉक्टर, ह्ये म्हनता म्हनता बाळंतीन मोकळी हुईल."

मग तुम्ही मला धरलंत. म्हणालात, "बिरुशेट, शनिवारी पेठ लवकर बंद होते. या. तुम्हाला एका ऐकण्यात जो शब्द कळेल तो पास."

"म्हंजी मला हमाल केलं का?"

"चाळण केली."

पहिल्या शनिवारी तुम्ही कांद्याचा पापुद्रा काचेखाली ठेवलात. खिडकीतलं ऊन सूक्ष्मदर्शकाच्या खालच्या आरशावर घेतलंत. मी बघितलं, एकाला एक लागून नीट आखलेल्या खोल्या. मी म्हणालो, ही तर आमची हळदीची पेवं. हरिपूरच्या रानात जमिनीखाली असतात तशीच, माल भरून तोंडं बंद केलेली. याला पेव म्हणा. तुम्ही म्हणालात, पेशी हा शब्द आता रुजलाय, तो उपटायचा नाही. मी दोन शनिवार भांडलो आणि हरलो. पण मग सालीला 'पापुद्रा' हा माझा शब्द मी घ्यायला लावला, सोडला नाही. आतल्या रसाला तुमचं 'जीवद्रव्य' होतं, माझा 'चीक'. तुम्ही म्हणालात, चीक झाडाला येतो. मी म्हणालो, द्रव्य तिजोरीत असतं. 'जीवरस'वर दोघं थांबलो. पेशीच्या मधल्या गोळ्याला तुम्ही 'केंद्रक' म्हणत होतात, मी 'गाभा'. तुम्ही म्हणालात, "गाभा नुसता असतो, बिरुशेट. हा फुटतो, एकाचे दोन होतात, यातूनच नवी पेशी येते." मी म्हणालो, "केळीचा गाभा बघितलाय का कवा? नवं पान कुठनं येतं मग? आभाळातनं?" तुम्ही चष्मा काढून पुसलात. तुम्ही चष्मा पुसलात की मी जिंकलो, हे मला तोवर कळायला लागलं होतं.

भांडणं वाढली, तुमचा आवाज चढेना आणि माझा उतरेना, तेव्हा मी तुम्हाला आमच्या पेठेची रीत शिकवली. आमच्याकडे भाव तोंडानं ठरत नाही. दोघांच्या हातावर रुमाल टाकतात आणि त्याखाली बोटं दाबून बोलतात. बघणाऱ्याला काही दिसत नाही, आणि रुमालाखाली कुणाचा आवाज चढत नाही. जमलं की रुमाल काढून दोघं मोठ्यानं आकडा सांगतात. मग मागं फिरणं नाही. आपण शब्दांसाठी आपली बोटं ठरवली. एक बोट दाबलं की समोरच्याचा शब्द मान्य. दोन बोटं, मान्य नाही. सगळा पंजा धरला की आज राहू दे, पुढच्या शनिवारी. वहिनी चहा घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. "खोलीत दोघंच तर आहात. लपवता कुणापासून?"

तुम्ही म्हणालात, "एकमेकांपासून."

तेव्हा मी हसलो होतो. आता हसू येत नाही.

ते पान आलं चैत्रात. रक्ताच्या बिघाडांचं. तुम्ही म्हणालात, मेढ्याला माझा एक रोगी आहे, कोंडिबा नावाचा, त्याच्या रक्ताची काच आलीय. महिन्यातून एकदा तुम्ही साताऱ्याला आईकडे जायचात आणि तिथून मेढ्याला रोगी बघायला, हे मला माहीत होतं. मला शंका यायचं कारण नव्हतं. तुमच्या डाव्या हाताच्या बोटाला कापूस चिकटवलेला होता. मी विचारलं, काय झालं? "सुई लागली." डॉक्टरला सुई लागणार नाही तर कुणाला लागणार? मी काचेला डोळा लावला.

चांगलं रक्त मी तोवर पुष्कळ बघितलं होतं. लाल पेशी गुलाबी, पसरलेल्या, त्यांना गाभा नसतो. त्यांच्यात कुठं कुठं एखादी पांढरी, जांभळ्या गाभ्याची. या काचेत पांढऱ्यांचीच जत्रा भरली होती. मोठमोठ्या, सगळ्या सारख्या, आणि गाभा एवढा फुगलेला की पापुद्र्याला जाऊन टेकला होता. जीवरसाला जागाच उरली नव्हती. मी म्हणालो, एवढ्या पांढऱ्या म्हणजे चांगलंच की, फौज वाढली. तुम्ही म्हणालात, "नाही. या वाढायच्या आधीच बाहेर पडल्यात. लढता येत नाही, नुसती जागा अडवतात. लाल पेशींना जगू देत नाहीत."

"मग ह्या कवळ्या हायत."

"अपक्व," तुम्ही म्हणालात.

"कवळ्या. कोवळी पेशी. आमच्याकडं वेळेआधी खणलेली हळद अशीच असती. गड्डा बघावा तर ह्यो एवढा. शिजवून वाळवली की हातात काय ऱ्हात न्हाई."

आणि मग, डॉक्टर, मी ते बोललो. तुम्ही विचारलं नव्हतंत. मी गाभा बघून भाव सांगणारा माणूस. समोर माल आला की माझी जीभ थांबत नाही. मी म्हणालो, "ह्यो माल टिकायचा न्हाई. तुमचा कोंडिबा दसरा बघत न्हाई."

तुम्ही म्हणालात, "व्हय?"

तुम्ही कधी 'व्हय' म्हणत नव्हतात. सतरा वर्षं सांगलीत काढून तुमच्या तोंडात साताऱ्याच्या शाळेचं 'हो'च होतं. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. पोत्यात हात घातला की आतला ओलावा सांगणारा मी, आणि हे सोडून दिलं.

त्यानंतर दर शनिवारी मेढ्याची नवी काच. मी विचारलं, आणतं कोण? मोटारवाला आणतो, म्हणालात. दर शनिवारी बोटाला कापूस. दर शनिवारी पांढऱ्यांची गर्दी वाढत गेली आणि लाल पेशी मागच्यापेक्षा विरळ. आणि दर शनिवारी त्या पेशीच्या नावावरून आपलं भांडण. बाकी सगळं पुस्तक लिहून झालं, तेवढी एक ओळ राहिली. तुमचा 'अपक्व', माझा 'कोवळी'. तुम्ही म्हणायचात, "कोवळी म्हटलं की माया येते, बिरुशेट. रोगाच्या नावात माया नको." मी म्हणायचो, "बाईला घरात जाऊन सांगायचं हाय. अपक्व म्हनली तर घरची मानसं तिच्या तोंडाकडं बघत बसतील." दोन बोटं, दोन बोटं, पंजा. पुढच्या शनिवारी.

आणि दुसरं भांडण मुंबईचं. तुम्हीच एकदा बोलून गेलात की मुंबईला किरणांचा उपचार होतो, रोग जात नाही, पण काही महिने मिळतात. झालं. मी उठून उभा राहिलो. "मग न्या की त्याला! मी नेतो. मानूस देतो बरोबर, ऱ्हायला जागा देतो."

"त्याला जायचं नाही."

"कसला अडेल मानूस हाय! बायकू हाय न्हवं? म्हातारी आई हाय न्हवं? त्यांचा काय इचार?"

"आहे विचार. म्हणूनच जात नाही. म्हणतो, आहेत ते दिवस बाकावर बसून काढायचे नाहीत. काम राहिलंय थोडं."

"काम? मरायला टेकलेल्या मानसाचं कसलं आलंय काम! मला भेटवा त्याला. एका बैठकीत तयार करतो."

तुम्ही म्हणालात, "म्हणूनच भेटवत नाही."

मी त्या न बघितलेल्या माणसावर इतका चिडलो होतो की घरी जेवताना बायकोला त्याचे दोष सांगायचो. आणि चिडलो म्हणूनच असेल, त्याला काही ना काही पाठवायचो. आधी अंजिरं, पुढं आमच्याकडची डाळिंबं. थंडी वाजते म्हणालात, भर वैशाखात, तेव्हा गावाकडून चुलतीनं विणलेली काळी घोंगडी मागवली. म्हणालो, त्याला सांगा, आमच्या मेंढरांची लोकर आहे, बोचेल, पण ऊब सोडत नाही. तुम्ही घोंगडीवरून हात फिरवलात आणि म्हणालात, "सांगतो. बोचते म्हणाला तर?"

"म्हनावं, मग मुंबईला जा."

तुम्ही मोठ्यानं हसलात. हसताना तुमच्या दातांशी रक्त दिसलं. मी म्हणालो, मिठानं दात घासा.

इतका मी आंधळा. तुमच्या हातावर काळेनिळे डाग होते, मी म्हणालो टेबलाला धडकत असाल. तुम्ही जिना चढताना मध्ये थांबायला लागलात, मी म्हणालो वय झालं, वजन कमी करा. वजन तर उतरतच होतं. तुम्ही माझ्यासमोर बसून माझ्या सगळ्या चुका ऐकून घेतल्यात आणि एकही दुरुस्त केली नाहीत. शब्दाच्या वेलांटीसाठी तासभर भांडणारा माणूस!

श्रावणात तुम्ही अंथरूण धरलंत. ताप म्हणून सांगितलं गेलं. त्या शनिवारी मी आलो तर दवाखाना बंद, तुम्ही वरच्या खोलीत. खाटेवर तुम्ही आणि तुमच्या अंगावर माझी काळी घोंगडी. माझं डोकं सटकलं. आजारी माणसाच्या उशाशी उभा राहून मी ओरडलो, "ही कोंडिबाला द्यायची व्हती! अजून हितंच? त्यो तकडं काकडत आसंल!"

वहिनींनी तोंडाला पदर लावला आणि बाहेर गेल्या. मला वाटलं मी ओरडलो म्हणून. तुम्ही मात्र डोळ्यांनी हसलात. बोलायची ताकद नव्हती. मी खाटेजवळ बसलो. म्हणालो, "डॉक्टर, दोन सौदे अडकल्यात. त्या पेशीचं नाव, आन् कोंडिबाला मुंबईला न्यायचं. आज दोनी मिटवा. छापखान्याचा मानूस रोज येतोय."

घोंगडीखालून तुमचा हात आला आणि माझा हात आत ओढला गेला. हात थंड होता. मी वाट बघत होतो, एक बोट की दोन. तुम्ही सगळा पंजा धरलात. पुढच्या शनिवारी. आणि सोडला नाहीत. मीच शेवटी सोडवून घेतला, कारण पेठेत माणूस थांबला होता.

गुरुवारी तुम्ही गेलात.

तेरावा झाल्यावर माझ्या डोक्यात एकच होतं, कोंडिबा. त्याचा डॉक्टर गेला हे त्याला कुणी सांगितलं असेल? काच आता कोण बघणार? म्हटलं, आता अडवणारं कुणी नाही, उचलून मुंबईला नेतो त्याला. आगगाडीनं सातारा रोड स्टेशन, तिथून साताऱ्याला, साताऱ्याहून मेढ्याची, पेट्रोलच्या टंचाईत कोळशावर चालवलेली मोटार. चढावर उतरून ढकलावी लागली. पाऊस लागलेला. मेढ्यात चहाच्या टपरीवर जाऊन विचारलं.

"कोंडिबा? कुठला कोंडिबा?"

"आजारी हाय. रक्ताचा रोग. सांगलीचं डॉक्टर बघत व्हतं."

टपरीवाल्यानं दोन जणांना हाक मारली, त्यांनी आणखी दोघांना. एक कोंडिबा गावात होता. मला त्याच्याकडे नेलं. ऐंशीचा म्हातारा, पडवीत लाकडं फोडत होता. माझं बोलणं ऐकून कुऱ्हाड खाली ठेवली. "मला? मला काय धाड भरलीया? कुनी सांगितलं तुमाला? आनखी कवा मरतोय म्हनाला त्यो?" सगळे हसले. मीही हसलो.

मग टपरीवाला म्हणाला, "पर डॉक्टर तर फागुनापासनं हिकडं फिरकलंच न्हाईत. आमीच वाट बघतुया. बरं हायत न्हवं?"

मी मोटारवाल्याला विचारलं, दर आठवड्याला काच कोण देतं? त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा विचारलं नाही. पावसात मोटारीच्या थांब्यावर बसलो, आणि तिथं मला तुमच्या डाव्या हाताचं बोट दिसलं. कापूस लावलेलं. पाच महिने, दर शनिवारी.

टपरीवाला चहा घेऊन आला. "डॉक्टरांचं तुमी कोन म्हनायचं?"

नातं नाही, जात नाही, गाव नाही. मी म्हणालो, "व्यापारी."

सांगलीला उतरलो तो सरळ वहिनींकडे गेलो. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मेढ्याला जाऊन आलात, भाऊजी?" मग घोंगडी घडी करून माझ्या मांडीवर ठेवली. मी विचारलं, तुम्हाला कधीपासून माहीत? म्हणाल्या, "आषाढापासून. त्याआधी घोंगडी आणली तेव्हा मला म्हणाले, मेढ्याच्या रोग्यानं दिली. अंजिरंही त्यानंच दिली म्हणाले. खिडकीशी बसून एकटेच खायचे. मला एक दिलं नाही. जन्मात पहिल्यांदा असं केलं त्यांनी."

"मला सांगायचं व्हतं, वहिनी."

"शपथ घातली होती. म्हणाले, मी सगळ्यांपुढं आजारी आहे, एका बिरुशेटपुढं नाही. तो माझ्याशी भांडतो."

डॉक्टर, हे ऐकून मला बरं वाटावं अशी त्यांची इच्छा होती. तितकं वाटलं. खोटं बोलत नाही. मेंढरामागून आलेल्या माणसाशेजारी बसून तुम्हाला आठवड्यातले दोन तास मोकळे मिळाले असतील, तर त्यापेक्षा मोठं काही माझ्या हातून कुणाला दिलं गेलेलं नाही. तुम्ही मला माझंच शरीर दाखवलंत. गाभा, पापुद्रा, जीवरस हे शब्द उद्या एखादी बाई बाळंतिणीच्या घरात बोलेल आणि समोरच्याला कळतील, आणि त्यात मी असेन. हे तुमचं देणं आहे आणि ते मी मान्य करतो.

पण औषध म्हणून मला वापरायचं होतं तर मला विचारायचं होतं. समोरची पार्टी खरी कोण आहे हे लपवून सौदा करणं, याला आमच्या पेठेत फसवणूकच म्हणतात. तुम्ही मध्ये एक खोटा कोंडिबा बसवलात आणि मला त्याच्याशी भांडायला लावलंत. मला खरी पार्टी कळली असती तर मी तुम्हाला मुंबईला नेलं असतं. पायांवर डोकं ठेवलं असतं, उचलून गाडीत घातलं असतं, काहीही केलं असतं. मी पेठेत कधी हरलो नाही. कदाचित तुमच्याशीही हरलो नसतो. ते तुम्हाला माहीत होतं, म्हणून तुम्ही मला त्या सौद्याला बसूच दिलं नाहीत.

आणि माझ्या तोंडून काढून घेतलंत ते वेगळंच. दसरा बघत नाही. तुमच्याच रक्तावर डोळा लावून, तुमच्याच तोंडावर. तुम्हाला खरा भाव हवा होता आणि बाकी कुणी तुम्हाला तो सांगितला नसता, हे मी समजू शकतो. पण ते शब्द आता माझ्याकडे राहिलेत. सकाळी हळदीचा गड्डा मोडून गाभा बघतो तेव्हा तुमचं 'व्हय?' ऐकू येतं. परवा एका शेतकऱ्यानं माल पुढं केला आणि मला भाव बोलवेना. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. पेठेतल्या माझ्या सगळ्या भांडणांचं मी तुम्हाला येऊन सांगायचो. याचं कुणाला सांगू?

पुस्तकाचं असं आहे. दिवाळीनंतर बायांचा नवा वर्ग सुरू होतो आणि त्याआधी ते छापून यायला हवं. छापखान्याचा माणूस त्या एका ओळीसाठी अडलाय. गंगूबाई म्हणाली, "तुमचाच शब्द घाला की आता. अडवायला कोन हाय?" म्हणूनच घालत नाही. दोघांचे हात असल्याशिवाय शब्द आत जायचा नाही, असं आपलं ठरलं होतं. एकदा मनात आलं, सोडून द्यावं, तुमचा 'अपक्व' टाकावा. पण गेलेल्या माणसाला सौदा सोडणं म्हणजे त्याची कीव करणं, आणि कीव नको म्हणून तर तुम्ही हे सगळं केलंत. छापखान्यात सांगून आलोय, ती ओळ मोकळी सोडा.

तुम्ही पंजा धरला होतात. पुढच्या शनिवारी, असा त्याचा अर्थ आपण दोघांनी ठरवला होता, मी एकट्यानं नाही. तुम्ही डॉक्टर होतात, काचा तुम्हीच बघत होतात. पुढचा शनिवार येत नाही हे तुम्हाला पक्कं माहीत असताना तुम्ही मला तो दिलात.

तुम्ही गेल्यापासून सहा शनिवार झाले. पेठ बंद झाली की मी येतो. वहिनी खोली उघडून देतात, खिडकीतलं ऊन आरशावर पडतं, काचेखाली काही नसतं. मी टेबलावर घोंगडी टाकतो आणि तिच्याखाली हात ठेवून बसतो. दसरा आठ दिवसांवर आहे. डॉक्टर, पंजा धरून कबूल केलेला तो शनिवार माझा आहे आणि तुम्ही तो दिलेला नाहीत. याचा जबाब कोण देणार? वहिनी नाही देणार, कोंडिबा तर नव्हताच. तुम्ही द्यायचा. मी बसलोय.